विसावा बाटलीत भरता येईल काय?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्यापुढे विषय ठेवला तो असा : विसावा देणाऱ्या पेयांना बाजारात कितपत वाव आहे? ऐकून प्रथम आम्हाला हसू आले. हा प्रश्न एखाद्या व्यापाऱ्याला विचारावा, नाही तर अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला. आमचे शाळेतले शिक्षण दहावीच्या अलीकडेच संपले. पुढचे जे काही झाले ते फौंड्रीच्या भट्टीपुढे आणि रविवारी वाचनालयाच्या बाकावर. परंतु घरी जाताना विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, गेली तीस वर्षे मालकांशी आम्ही ज्या वस्तूसाठी भांडत आलो ती वस्तू विसावा हीच होय. तेव्हा तिचा भाव काय, ती कोण विकतो आणि कोण घेतो, हे सांगण्याचा थोडाफार अधिकार आम्हालाही असावा.

आधी पेयांची ओळख करून घेऊ. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत रातपाळी सुरू होण्याच्या वेळी कोणत्याही टपरीवर उभे राहा. विशी-पंचविशीची पोरे वीस रुपये टाकून एक लहान बाटली घेतात, उभ्या उभ्या घशात ओततात आणि फाटकाकडे धावतात. हे उत्तेजक पेय. त्यात पाणी, साखर, रंग आणि मुख्य म्हणजे कॅफीन असते. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार अशा पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असावे लागते. लहान मुलांनी व गरोदर स्त्रियांनी ते घेऊ नये असेही बाटलीवर छापलेले असते, पण ती अक्षरे इतकी बारीक की वाचायला भिंग घेऊन बसावे लागेल.

कॅफीन शक्ती देते ही समजूत चुकीची आहे. माणूस जागा राहून काम करतो तसतसे त्याच्या मेंदूत अ‍ॅडेनोसीन नावाचे द्रव्य साठत जाते. हे द्रव्य मेंदूतल्या ठरावीक जागी जाऊन बसले की शरीराला 'आता थांब' असा निरोप मिळतो. कॅफीन काय करते, तर त्या जागा स्वतःच अडवून बसते. अ‍ॅडेनोसीन दाराबाहेर ताटकळत राहते आणि निरोप पोहोचत नाही. थकवा होता तेवढाच असतो, फक्त कळत नाही. तापमापकावर बोट ठेवून ताप झाकावा, त्यातला हा प्रकार. शिवाय पोटात गेलेले कॅफीन निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात. पहाटे तीनला घेतलेली बाटली सकाळी आठला अर्धी अंगातच असते, आणि नेमके त्याच वेळी रातपाळीचा माणूस झोपायला अंथरूण घालतो.

आता याच्या उलट काम करणारी पेये निघाली आहेत. अमेरिकेत २००८ च्या सुमारास 'ड्रँक' नावाचे एक पेय आले. त्यात मेलाटोनिन घातलेले होते. अंधार पडला की आपल्या मेंदूतली एक लहानशी ग्रंथी हे द्रव्य सोडते आणि झोपेची तयारी होते. तेच बाहेरून डब्यात भरून विकायचे, अशी कल्पना. २०१० साली तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने त्या कंपनीला पत्र लिहून बजावले की, मेलाटोनिन हा पेयात मिसळण्यासाठी मान्य झालेला पदार्थ नाही. पुढे २०२० साली पेप्सिको या बलाढ्य कंपनीने 'ड्रिफ्टवेल' नावाचे पेय काढले. त्यात मेलाटोनिन टाळून डब्यामागे २०० मिलिग्रॅम थिअनिन घातले होते. म्हणजे दिवसा जागे ठेवणारी बाटली एका हाताने आणि रात्री निजवणारा डबा दुसऱ्या हाताने, असा हा व्यापार झाला. आमच्या लहानपणी एक गोष्ट ऐकली होती, सुतार आधी खुर्चीचा पाय मोडून जायचा आणि मग दुरुस्तीला यायचा, तिची इथे आठवण होते.

पण थिअनिन हे काय प्रकरण आहे ते ऐका, कारण तिथून आपल्या घरापर्यंत रस्ता येतो. जपानी शास्त्रज्ञांनी १९४९ साली हे द्रव्य ज्यातून वेगळे काढले ती वस्तू चहाची पत्ती होती. चहात कॅफीन आहे हे सर्वांस ठाऊक आहे, परंतु त्याच पानात मन किंचित शांत करणारे हे दुसरेही द्रव्य आहे. कपात ते फार थोडे उतरते, वीसएक मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी. तेव्हा एका कपाने कोणी निजून जाणार नाही. तरीही चहा घेतल्यावर 'बरं वाटलं' असे आपण म्हणतो त्यात त्याचा काही वाटा असू शकेल. उरलेला वाटा कशाचा, हा आजच्या विषयाचा गाभा आहे.

चहा हे आपले पिढीजात पेय नव्हे. आपल्या पणज्यांना तो ठाऊकही नव्हता. मळेवाल्यांचा माल विलायतेला जात होता, आणि देशातल्या कोट्यवधी लोकांना त्याची सवय लावल्याखेरीज वाढता माल खपणार नाही हे त्यांनी ओळखले. १९०३ साली कायदा करून चहावर एक उपकर बसवण्यात आला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. १९३७ पासून चहाच्या बाजारवाढीसाठी स्वतंत्र मंडळच काम करू लागले. रेल्वे स्टेशनांवर चहा कसा करावा याच्या पाट्या लागल्या. फिरत्या गाड्यांतून फुकट चहा वाटला गेला. एका पैशाचा पुडा निघाला. गांधीजींचा चहाला विरोध होता, तरी ही लाट थांबली नाही. आज देशात पिकणाऱ्या चहापैकी सुमारे चार पंचमांश देशातच पितात. बाजार म्हणून यापेक्षा मोठा विजय सापडणे कठीण.

या प्रचाराचा एक मोठा रोख गिरण्या आणि कारखाने यांच्याकडे होता. मालकांना सांगण्यात आले की, मजुराला मधे दहा मिनिटे आणि कपभर चहा द्या, तो पुढे जास्त काम करील. मजुराला तर सांगावे लागलेच नाही. चहाच्या निमित्ताने यंत्रापासून दूर होता येते, हे त्याला तत्काळ कळले. आमच्या मते चहाचा खप वाढला त्यात त्याच्या चवीइतकाच या सुटकेचा हात आहे.

हे आम्ही पुस्तकावरून सांगत नाही. बरीच वर्षे झाली. एका कारखान्यात (नाव सांगण्याचे कारण नाही) आमच्या युनियनने मागणी केली की सकाळी आणि दुपारी चहा मिळावा. तिथे उपाहारगृह होते, पण ते आवाराच्या दुसऱ्या टोकाला. जाऊन-येऊन चहा पिण्यात पंधरा मिनिटे सहज जायची आणि त्यावरून रोज खटके उडायचे. बोलणी तीन बैठका चालली. चौथ्या बैठकीत व्यवस्थापकांनी हसत हसत सांगितले, 'चहा फुकट देतो, आणि तुम्हाला चालायचा त्रासही नको. गाडीवर घालून प्रत्येकाच्या मशीनपाशी आणून देतो.' आम्ही सह्या केल्या. फाटकावर गुलाल उधळला. चार दिवसांनी एक जुना टर्नर आमच्यापाशी आला. म्हणाला, 'काय मिळवलंसा तुम्ही? च्या हाय, पण बसायचं कुठं? एका हातात कप आन् दुसरा हात हँडलवर. पूर्वी निदान लिंबाखाली टेकायला मिळत हुतं.'

त्याचे बरोबर होते. आम्ही पेय मागितले आणि ते मिळाले. आम्हाला हवी होती पंधरा मिनिटे, ती आम्हीच कागदावर सही करून देऊन टाकली. ती परत मिळवायला पुढे दोन वर्षे लागली. या चुकीबद्दल आम्ही कोणाला दोष देत नाही, करार वाचणारे आम्हीच होतो.

चहाबरोबर माणूस दुसरेही काही विकत घेतो, ते म्हणजे शेजारी बसण्याचा हक्क. कोल्हापूरकरांना हे कोणी शिकवायला नको. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी नोकरीत असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून मार बसला. अस्पृश्याने हौद बाटवला, असा मारणाऱ्यांचा आरोप. महाराजांनी गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला सांगितले आणि मदत केली. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' हॉटेल उभे राहिले. उत्तम चहा असूनही सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज आपली गाडी हॉटेलपुढे थांबवून चहा मागवू लागले. स्वतः घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावीत. पुढे महाराजांनी त्यांना सोडावॉटरचे यंत्रही दिले असे सांगतात. बाजारपेठ कशी उघडते याचे याहून नेमके उदाहरण आम्हाला माहीत नाही. चहाच्या चवीत काही फरक पडला नव्हता. कोणाच्या हातचा चहा कोणाबरोबर बसून घ्यायचा, एवढेच बदलले होते. महाराजांच्या पश्चात, १९२५ साली, त्यांचे पहिले स्मारक उभारण्यात याच गंगारामांनी पुढाकार घेतला, हेही विसरू नये.

दूरच्या फिजी बेटांवर कावा नावाच्या झुडपाची मुळी पाण्यात कोळून पितात. तिने अंग खरोखरच सैलावते. तिथल्या रिवाजात ती मंडळी गोल बसून, एकाच भांड्यातून, नारळाच्या करवंटीने घेतात. घाईघाईने उभ्याने पिण्याची ती वस्तू नाही. पेय कोणतेही असो, विसावा देणारे पेय जिथे जिथे रुजले तिथे त्याच्याबरोबर बसायची जागाही दिसते.

आपल्या गावात अशा दोन जागा आहेत. पहिली तालीम. पहाटे जोर-बैठका आणि लढती झाल्या की वस्तादांच्या देखरेखीखाली पठ्ठे थंडाई घोटायला बसतात. भिजवलेले बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, वेलदोडे. कुंड्यात दांडका फिरू लागला की अर्धा तास तरी हालायचे नाव नाही. (थंडाई म्हटले की काहींना भांग आठवते. आमच्या तालमीत तिला थारा नाही.) बदामाने किती ताकद येते याचा हिशेब वैद्यांनी करावा. आम्हाला वाटते की अंग तापलेल्या पोराला अर्धा तास शांत बसवून घोटायला लावणे, हाच त्या थंडाईतला निम्मा गुण आहे.

दुसरी जागा गंगावेशीतला दूध कट्टा. संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात आणि डोळ्यांदेखत काढलेले धारोष्ण दूध पेल्यात मिळते. नोकरदार, पैलवान, बाजारकरी, नातवाला घेऊन आलेले आजोबा, सगळे तिथे भेटतात. दुधाने झोप लागते म्हणतात, त्यास शास्त्राचा आधार बेताचाच आहे. पण कट्ट्यावर घटकाभर गप्पा मारून घरी गेलेल्या माणसाला झोप लागत असेल, तर त्यात नवल नाही.

आता चालकांना हवा असलेला हिशेब. समजा, एखाद्या हुशार तरुणाने ठरवले की कोल्हापूरची थंडाई बाटलीत भरून कामगाराला विकायची. दूध आहे, 'गोकुळ' या नावाने ओळखला जाणारा जिल्ह्याचा सहकारी दूध संघ १९६३ सालापासून उभा आहे, वारणेचा संघ आहे. गूळ तर आपला जगप्रसिद्ध. करही अनुकूल आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराचे दर बदलले तेव्हा दुधाची पेये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली आणि कॅफीनयुक्त पेये ४० टक्क्यांच्या वर्गात गेली. म्हणजे सरकारही थंडाईच्या बाजूने.

पण पेला मांडून बघा. म्हशीच्या दुधाचा भाव लिटरला सत्तर रुपये धरला तर पाव लिटरहून कमी, २०० मिलिलिटर दुधाचेच चौदा रुपये होतात. वीस रुपयांना विकायची म्हटली तर उरलेल्या सहा रुपयांत बदाम, खसखस, बाटली, शीतपेटी, वाहतूक, कर आणि दुकानदाराचे कमिशन बसवा पाहू! बदाम एक बसेल, तोही अर्धा. उत्तेजक पेय मुख्यत्वे पाणी आणि साखर, म्हणून चाळीस टक्के कर भरूनही ते वीस रुपयांत परवडते. दूध नासते, ते नासत नाही. कट्ट्यावरच्या दुधाला बाटली नाही, बर्फ नाही, जाहिरात नाही, म्हणून ते टिकून आहे. बाटलीत शिरताच ते महाग होते आणि मग ते पुण्यामुंबईच्या पगारदाराचे पेय बनते.

तो बाजार मात्र खोटा नाही. हेक्टर बेव्हरेजेस नावाच्या कंपनीने २०११ साली 'झिंगा' हे उत्तेजक पेय काढले होते. (मराठी माणसाला हे नाव ऐकून मासळीबाजार आठवावा, पण ते असो.) ते फार चालले नाही. २०१३ साली त्याच कंपनीने 'पेपर बोट' या नावाखाली पन्हे, जलजिरा अशी घरगुती पेये पाकिटात भरून आणली, आणि लोकांनी त्यांना आपलेसे केले. आजीच्या हातच्या चवीची आठवण शहरात विकली जाते. तेव्हा आमचे मत विचाराल तर संगणकापुढे दहा तास बसणारा, परीक्षेच्या काळजीने जागणारा, रात्रीच्या प्रवासातला, असे गिऱ्हाईक विसाव्याच्या बाटलीला मिळेल. त्याच्या खिशात पैसे आहेत आणि झोप नाही.

कामगाराच्या खिशात दोन्ही नाहीत, म्हणून त्याला विसावा विकणारा एक जुना दुकानदार आधीच हजर आहे. त्याचे नाव घ्यायला सभेत संकोच वाटतो, पण घेतले पाहिजे. दारू. मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला, पुढे परवाने आले, देशी दारूची दुकाने आली. दुसरी पाळी सुटल्यावर रात्री जे उघडे असते ते तेवढेच. 'अंग दुखतंय, झोप लागायला घेतो,' हे वाक्य आम्ही किती घरांत ऐकले असेल त्याची गणती नाही. दारूने डोळा लवकर लागतो हे खरे आहे, परंतु पुढची निम्मी रात्र झोप मोडत राहते आणि माणूस उठतो तो अधिकच थकलेला. मग सकाळी तंबाखू, रात्री वीस रुपयांची बाटली, आणि पाळी सुटल्यावर पुन्हा तेच. पगाराच्या दिवशी फाटकावर नवऱ्याची वाट पाहत उभ्या असलेल्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या बाजाराचे आकडे नकोत.

आणि वेळ तर कमीच होत चालला आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची सुट्टी आणि अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे उपाहारगृह, अशी तरतूद होती. त्या कायद्याची जागा घेणारी २०२० ची संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात उपाहारगृहाची अट शंभर कामगारांवर आणली आहे आणि कंत्राटी कामगारही मोजायचे आहेत. हे चांगले झाले, आम्ही ते मोकळेपणाने मान्य करतो. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आपल्या राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे तास तेवढेच राहतील, कामगाराची संमती घेतली जाईल, असे सांगितले जाते. हंगामी पोरगा संमती नाकारील काय, हे आमच्यापेक्षा तोच चांगले सांगेल. बारा तासांच्या पाळीत उत्तेजक बाटलीचा खप वाढेल, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. विसाव्याची बाटली तिच्याशेजारी मांडून ठेवली तरी ती प्यायला बसणार केव्हा?

एवढे बोलून झाल्यावर 'मग तुम्ही काय करता?' असे कोणी विचारील. आम्ही लहानशी गोष्ट करीत आहोत. एका कारखान्याच्या उपाहारगृह समितीपुढे आमच्या युनियनने प्रस्ताव ठेवला आहे की, रातपाळीला रात्री दोन वाजता प्रत्येकाला पेलाभर गरम दूध आणि गुळाचा खडा मिळावा. खर्चाचा अर्धा भाग कामगार द्यायला तयार आहेत. दूध मशीनपाशी आणू नये, उपाहारगृहातच द्यावे आणि तिथे बाके असावीत, असे आम्ही त्यात मुद्दाम लिहिले आहे. मागच्या बैठकीत व्यवस्थापकांनी खर्चाबद्दल फारशी कुरकुर केली नाही. कागद दोनदा वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारले, 'बाकी सगळं ठीक आहे हो. पण मिनिटं किती?'

आम्ही वीस सांगितली आहेत. ते दहा म्हणतात. पुढची बैठक येत्या सोमवारी आहे.